प्रकाशक म्हणतात "विक्रीला तुमचाही हातभार लागेल", म्हणजे नेमकं काय करायचं?

गोठ्यातली_डॉक्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत असते, स्वतः लिहायची ही दुसरी-तिसरीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पशुवैद्य. पशुधन विकास अधिकारी म्हणून २६ वर्षं नोकरी केली, बहुतेक सगळी सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, जत, आटपाडी, माण असं. रिटायर व्हायच्या आधीपासून फेसबुकवर अनुभव लिहायचे, रात्री दोनला अडलेली म्हैस, चारा छावणीतली जनावरं, २०२२ सालचं लम्पी, असलं सगळं. ते वाचून पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकांनी स्वतःहून फोन केला, पुस्तक करू म्हणाले. पैसे मागितले नाहीत, उलट १० टक्के रॉयल्टीचा रीतसर करार केलाय. २०८ पानं, पहिली आवृत्ती ५०० प्रती, किंमत ३०० च्या आसपास, डिसेंबरात यायचंय.

इथपर्यंत सगळं छान. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन, "मॅडम, आमच्याकडं मी धरून तीन माणसं, विक्रीला तुमचाही हातभार लागेल, एक यादी तेवढी पाठवा." मी हो हो म्हणलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कसली यादी ते विचारलंच नाही, आता परत विचारायची लाज वाटते. घरात विचारलं तर आमचे हे म्हणतात स्टँडसमोर फ्लेक्स लावू, पुतण्या म्हणतो काकू रील कर, मैत्रीण म्हणते मोठा हॉल घे आणि सिरियलमधली कुणीतरी बोलव. माझी अडचण वेगळीच आहे. "तुझ्या गोठ्यात घाण आहे म्हणून जनावर आजारी पडतंय" हे मी कुणालाही तोंडावर सांगते, पण "माझं पुस्तक विकत घ्या" म्हणायचं म्हणलं की घशात काहीतरी अडकतं.

तर जाणकारांनी सांगा, लेखकानं नक्की करायचं काय आणि काय अजिबात करायचं नाही. आणि हे काम खरंच लेखकाचं असतं का, का मला उगाच जुंपलंय?

पार्सलवाला

ताई, आधी अभिनंदन. मी एका प्रकाशनात कामाला आहे (तुमचं ते नव्हे, घाबरू नका). व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा मोठा आहे पण दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावतो म्हणून इथे हे नाव घेतलं.

यादी म्हणजे लग्नपत्रिकेची यादी नव्हे, हे पहिलं. बहुतेक नवे लेखक आम्हाला काका, मामा, साडू आणि सोसायटीचा ग्रुप पाठवतात. त्यांना तुम्ही सांगालच की, त्यात आमचं काय काम. दुकानदार, वितरक, पेपरांच्या रविवार पुरवण्यांचे पत्ते हे सगळं आमच्याकडे असतं. नसतात ती तुमच्या धंद्यातली माणसं. बघा ना, आपल्याकडे पशुवैद्यकीय कॉलेजं कुठे कुठे आहेत, परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. तिथून दरवर्षी बॅच बाहेर पडते, प्रत्येक बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि मी सात जन्म घेतले तरी त्या ग्रुपात मला कोणी घेणार नाही, तुम्ही मात्र आत्ता त्यात बसलेल्या आहात. मग पशुधन पर्यवेक्षक, दूध संघातले डॉक्टर, संघाचा सभासदांसाठी अंक निघत असेल तर तो काढणारा माणूस, औषध कंपन्यांचे एमआर (हे लोक तालुक्यातल्या एकूणएक डॉक्टरला भेटतात, त्यांच्यासारखा वितरक नाही!), ॲग्रोवनसारख्या शेतीच्या पेपरात जनावरांवर लिहिणारी मंडळी. यातले निम्मे लोक वर्षानुवर्षं पुस्तकाच्या दुकानात गेलेले नसतात आणि स्वतःला वाचक म्हणवूनही घेत नाहीत, पण आपल्याच कामावरचं पुस्तक आलंय म्हटल्यावर घेतात. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही.

तर कागदावर चार रकाने करा. नाव, गाव, फोन, आणि चौथ्यात हा माणूस काय करू शकतो ते. स्वतः घेईल, ऑफिससाठी दहा घेईल, कार्यक्रम ठेवेल, कुठेतरी लिहील. चौथा रकाना नसलेली यादी आमच्या ड्रॉवरमध्ये पडून राहते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

बाकी छोटी छोटी कामं आहेत पण वेळेत केलीत तर प्रकाशक तुम्हाला दुवा देईल. स्वतःची ओळख तीन मापांत लिहून ठेवा, दोन ओळी, एक परिच्छेद, एक पान. आम्हाला कधी मलपृष्ठासाठी लागते, कधी पेपरसाठी, कधी कार्यक्रमाच्या निवेदकाला, आणि दर वेळी रात्री साडेदहाला फोन करून "मॅडम तेवढं पाठवा ना" म्हणावं लागतं. फोटो आधारकार्डावरचा नको. तुमचा गोठ्यात काम करतानाचा एखादा असेल तर सोनं. पाठराखण (मलपृष्ठावर छापायचे शिफारशीचे चार शब्द) कोणाकडून घ्यावी ते तुम्ही सुचवा, मोठा साहित्यिकच पाहिजे असं काही नाही, तुमच्या क्षेत्रातला मानाचा माणूस जास्त उपयोगी. अभिप्रायासाठी प्रती कुठे पाठवायच्या तेही आधी बोलून घ्या. पेपरला नुसत्या दोन प्रती टाकल्या तर "साभार पोच" मध्ये एक ओळ येते आणि संपलं. तिथे कोण वाचणार आहे हे माहीत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि प्रकाशनपूर्व सवलत ठेवणार का ते विचारा. त्याबद्दल नंतर लिहितो, टेम्पो आलाय.

कुजकट_पुणेकर

म्हणजे थोडक्यात, लिहायचं लेखिकेने, मुद्रितं तपासायची लेखिकेने, यादी लेखिकेने करायची, फोन तिनेच करायचे आणि घ्यायचे १० टक्के. उरलेल्या ९० टक्क्यांत प्रकाशक काय करतात हो, चिकटपट्टी? उद्या म्हणाल बाईंनीच येऊन प्रती शिवून द्या.

बाई, मार्केटिंगबिर्केटिंग नंतर. विक्रीचा हिशोब वर्षातून किती वेळा देणार हे करारात लिहिलंय का ते आधी बघा.

बारा_गावचं_पाणी

हॉलबद्दल मी लिहितो कारण मी त्यातून गेलोय.

माझा पहिला कथासंग्रह. मला वाटलं प्रकाशन समारंभ म्हणजेच मार्केटिंग, तर मी प्रकाशकाला फारसं न विचारता ठाण्यात हॉल बुक केला, का तर प्रमुख पाहुण्यांची तेवढीच तारीख मोकळी होती. पत्रिका छापल्या, तीनशे लोकांना फोन केले, बटाटेवडे सांगितले. आणि तिकडे छापखान्यात दिवाळी अंकांची गर्दी, माझं पुस्तक मागे पडलं. समारंभाच्या दिवशी दुपारी प्रकाशकाचा माणूस आला तो पाच छापील मुखपृष्ठं घेऊन, पुस्तक नाहीच! मग काय, त्याच जाडीची दुसऱ्याच कुणाची तरी पाच पुस्तकं आणली, त्यांना माझी मुखपृष्ठं चढवली, वर रंगीत कागद आणि रिबीन. पाहुण्यांनी कागद सोडला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. अध्यक्ष माझ्या कथांवर पाऊण तास बोलले आणि हातात पुस्तक होतं शेअर बाजारावरचं. मी स्टेजवर नुसता घामाघूम, कोणी उघडून बघितलं तर?

सव्वादोनशे माणसं आली होती हो. खिशात पैसे घेऊन आलेली. टेबलावर एकही प्रत नाही. "पुढच्या आठवड्यात येतंय" म्हणून सांगितलं पण पुढच्या आठवड्यात कोण येतो, त्यातल्या वीस-पंचवीस जणांनी नंतर घेतलं असेल. हॉलचं भाडं आणि वड्याचे पैसे रॉयल्टीतून फिटायला मला तीन आवृत्त्या लागल्या असत्या, आणि पहिलीच अजून संपायचीय.

चूक छापखान्याची नाही, माझीच. पुस्तक हातात आल्याशिवाय तारीख धरायची नाही, आणि प्रकाशकाला विचारल्याशिवाय तर कुठलीच तारीख धरायची नाही.

दुसऱ्या पुस्तकाला मोठा समारंभ केलाच नाही. वाचनकट्टे, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, एका गावात गणपतीतली व्याख्यानमाला, असे सात-आठ छोटे कार्यक्रम केले. तीस माणसं असतात पण ऐकायला आलेली असतात. मी एकच अट घालायचो, मानधन नको, शाल-श्रीफळ-बुके तर नकोच, त्या पैशात पुस्तकाच्या प्रती घ्या आणि तुमच्या लोकांना वाटा. बहुतेक ठिकाणी आनंदाने ऐकलं. माझ्या कपाटात तशाही अकरा शाली आहेत.

ताई, तुमच्याकडे तर सांगण्यासारखे किस्से आहेत, तुम्ही म्हशीची गोष्ट अर्धी सांगून थांबलात तरी लोक उठून टेबलाकडे जातील.

गोठ्यातली_डॉक्टर

शेअर बाजार!! हसून हसून पुरेवाट झाली, ह्यांना पण वाचून दाखवलं. हॉलचा विषय संपला आमच्या घरात, धन्यवाद.

करार काढून बघितला, "दरवर्षी ३१ मार्चअखेरचा हिशोब तीन महिन्यांत देण्यात येईल" असं लिहिलंय. ठीक आहे ना?

पार्सलवाले भाऊ, चौथा रकाना वाचल्यावर डोक्यात एकदम नावं यायला लागली. शिरवळचा आमचा ग्रुपच ५८ जणांचा आहे. पण एक शंका, ग्रुपवर जाहिरात टाकली की लोक अंगठे देतात, "अभिनंदन मॅडम" चा पाऊस पडतो आणि तेवढ्यावरच राहतं, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत बघितलंय. आणि एकजण आत्ताच म्हणाला "मॅडम पीडीएफ आली की टाका". त्याला काय सांगू?

गल्ल्यावरून

मराठवाड्यात जिल्ह्याच्या गावी माझं पुस्तकाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. निम्म्याहून जास्त धंदा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर चालतो, साहित्य म्हणजे दोन कपाटं, हौस म्हणा.

दुकानदाराच्या बाजूनं सांगतो बरं का, कारण लेखक येतात आणि काय काय करतात ते आम्हीच बघतो. एकजण येऊन गुपचूप आपलं पुस्तक उचलून दुसऱ्यांच्या पुढं उभं करून जायचे, आठवड्यातून दोनदा. एकांनी दुकानात पाच प्रती ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या ग्रुपवर स्वतःच मेसेज टाकला, माझ्याकडून घेतल्यास ४० टक्के सूट! मग माझ्याकडून कोण घेईल? मी त्या पाची प्रती बांधून ठेवल्या आणि पुन्हा त्या लेखकाचं पुस्तक मागवलं नाही. लेखकाला सवलतीत प्रती मिळतात ते मान्य, पण त्या कुठं आणि केवढ्याला विकायच्या ते प्रकाशकाशी बोलून ठरवा.

आता उपयोग कशाचा होतो ते सांगतो. तुमच्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावात एकेक दुकान धरा, प्रकाशकाकरवी तिथं पाच-पाच प्रती जाऊ द्या, आणि मग तुमच्या ओळखीच्या लोकांना लिंक पाठवायच्या ऐवजी सांगा की अमक्या दुकानात मिळतंय. पंधरा दिवसांत चार गिऱ्हाईकं येऊन नाव घेऊन विचारून गेली की दुकानदार आपण होऊन वितरकाला फोन करतो. दुकानदाराला परीक्षण वाचायला वेळ नसतो, तो फक्त एवढंच बघतो की कितीजणांनी विचारलं. विकलं तर पैसे, नाही तर माल परत, असा आमचा व्यवहार असतो, त्यामुळं पाच प्रती ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. फक्त जून-जुलैत येऊ नका, तेव्हा वह्या-पुस्तकं आणि दप्तरांच्या ढिगात आम्हीच सापडत नाही.

रातकिडा

हाय ताई, मी पुस्तकांचं इन्स्टा पेज चालवते, फार फॉलोअर नाहीत पण जे आहेत ते वाचणारे आहेत.

पुतण्याचं अगदीच चूक नाही, पण "माझं पुस्तक आलंय घ्या" असं रील केलंत तर कोणी बघणार नाही. कॅमेरा समोर ठेवायचा आणि पुस्तकातला एक प्रसंग मिनिटभर तुमच्याच भाषेत सांगायचा, गोठ्यात उभं राहून, मागे म्हैस रवंथ करत असली तर भारीच. तुमचं सांगलीकडचं बोलणं आहे तसं राहू द्या, निवेदिकेसारखं बोलू नका प्लीज. आणि खाली कुठे मिळेल ते लिहा, प्रत्येक वेळी, कारण लोक खरंच विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत विसरलेले असतात.

दोन गोष्टी प्रकाशकांना सांगा ज्या ते हमखास विसरतात. एक, लोक मराठी पुस्तक शोधतात पण इंग्रजी अक्षरांत टाइप करून, आणि स्पेलिंग जो तो आपल्या मनाचं करतो, तर ऑनलाइन यादीत पुस्तकाचं आणि तुमचं नाव दोन्ही लिप्यांत असायला हवं, नाहीतर पुस्तक असून सापडत नाही. माझं स्वतःचं असं कितीदा झालंय. दोन, मुखपृष्ठ फायनल करायच्या आधी मोबाईलवर नखाएवढं करून बघा. मोठं असताना सुंदर दिसणारं नाजूक कॅलिग्राफी केलेलं नाव लहान झालं की नुसता किडा दिसतो.

हां आणि घरच्यांना ॲमेझॉनवर पाच स्टार द्यायला सांगू नका, जवळच्या नातेवाइकांचे रिव्ह्यू त्यांच्या नियमात बसत नाहीत, काढून टाकतात. त्यापेक्षा खरंच वाचलेल्या पाच लोकांना दोन-दोन ओळी लिहायला सांगा.

पीडीएफवाल्याला सांगा, "पीडीएफ नाही, पण पहिलं प्रकरण पाठवते." आणि ते खरंच पाठवा, प्रकाशकाला विचारून. आख्खी फाईल कोणालाही देऊ नका, अभिप्रायाला सुद्धा नको, एकदा ग्रुपात गेली की ती कोणाच्या बापाला थांबत नाही. 😑

पार्सलवाला

रात्रीचा वेळ मिळाला. कुजकटरावांच्या ९० टक्क्यांचा हिशोब देतो, आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील पण साधारण असंच चालतं.

समजा ३०० चं पुस्तक. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के, म्हणजे १२० गेले. राहिले १८०. लेखकाचे ३०, राहिले १५०. ५०० प्रतींची आवृत्ती असली की कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीला १०० च्या आसपास जातातच, कमी प्रतींना छपाई महाग पडते. राहिले ५०. त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रकार, गोडाऊनचं भाडं, परत आलेला मळका माल आणि माझा पगार. आणि दुकानदारांकडून पैसे येतात तीन-चार महिन्यांनी, छापखान्याला द्यावे लागतात आधी. चहा स्वतःच्या पैशाने पितो.

आता हेच पुस्तक प्रकाशनपूर्व नोंदणीत २० टक्के सवलतीने थेट वाचकाला गेलं तर २४० हातात येतात. लेखकाचे ३० आणि छपाईचे १०० वजा केले तरी ११० उरतात, तेही छापायच्या आधी. म्हणून आम्ही लेखकाच्या मागे लागतो. तुमच्या त्या ५८ जणांपैकी ३० जणांनी आधी नोंदणी केली तर ती आम्हाला दुकानातल्या साठ-पासष्ट प्रतींएवढी पडते. आणि शंभर-सव्वाशे नोंदणी झाली की प्रकाशक ५०० च्या जागी ७०० छापायचं धाडस करतो. हे काही नवं खूळ नाही. ग्रंथालीने सत्तरच्या दशकात आधी वाचक गाठून मगच पुस्तकं काढायची चळवळच उभी केली होती, ग्रंथयात्रा काढून गावोगाव गेले होते.

ग्रुपवर अंगठे येतात हे खरं आहे ताई. म्हणून ग्रुपवर एकदाच टाका आणि नंतर एकेकट्याला मेसेज करा, नाव घेऊन. "तू त्या छावणीत माझ्याबरोबर होतास, ते प्रकरण पुस्तकात आहे" असा. शंभर लोकांना ढकललेला मेसेज शंभर लोक ढकलून देतात. कामाला येतात ते हे वीस-तीस मेसेज आणि ते तुमच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही.

पोस्टाचं एक. लांबच्या लोकांना पाठवायचं असेल तर जुनं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ पासून बंद झालं, त्या वेळी आमचे फार हाल झाले. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ट्रॅकिंग मिळतं पण जमिनीवरून जातं म्हणून दिवस लागतात. आत जाहिरातीचे कागद कोंबू नका, ते चालत नाही.

कुजकट_पुणेकर

हिशोब मांडलात त्याबद्दल धन्यवाद, असा हिशोब मला माझ्या प्रकाशकाने अकरा वर्षांत दिला नाही. माझी ९० टक्क्यांवरची हरकत ५० रुपयांवर आणतो. त्याखाली येणार नाही.

पण लेखकाने हातभार लावायचा तर त्याला आकडेही कळले पाहिजेत. बाई, नोंदणी किती झाली, दुकानात किती गेल्या, परत किती आल्या हे दर दोन महिन्यांनी मोकळेपणाने विचारा. वर्षअखेरीच्या हिशोबाची वाट बघत बसू नका. जो प्रकाशक तुमच्याकडे यादी मागतो त्याला तुम्ही आकडे मागितल्याचा राग येता कामा नये. आला तर मग समजून जा.

ब_वर्ग_ग्रंथपाल

कोकणातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात आहे मी, शासनमान्य, ब वर्ग. उशिरा लिहितेय कारण आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती.

१९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या राज्यात दहा हजारांहून जास्त आहेत, अ, ब, क, ड असे वर्ग असतात. लेखक मंडळींना वाटतं इतकी वाचनालयं म्हणजे पुस्तक खपलंच. तसं नसतं हो. अनुदान हप्त्याने येतं, आमची खरी खरेदी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा वितरकाचा माणूस याद्या घेऊन येतो आणि ज्याचं नाव आधी कानावर पडलेलं असतं ते आम्ही घेतो. कानावर कसं पडतं? आमच्याकडे मागणी वही असते. सभासदाने येऊन त्यात पुस्तकाचं नाव लिहिलं की ते खरेदीच्या यादीत जातं. तर तुमच्या ओळखीची जी माणसं वाचनालयाची सभासद आहेत आणि विकत घेणार नाहीत, त्यांना सांगा की निदान वहीत नाव लिहा. पैसा लागत नाही, लाज वाटायचं कारण नाही.

आणि कृपा करून वाचनालयांना सही करून फुकट प्रती वाटत सुटू नका. एक भेट आली की आम्ही ते पुस्तक विकत घेत नाही, साधी गोष्ट आहे. आमच्याकडे सप्रेम भेट पुस्तकांचं वेगळं कपाट आहे, त्याची किल्ली कुठे आहे मला आठवत नाही.

डिसेंबरात पुस्तक येणार ते चांगलंच आहे, थंडीत जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव होतात, डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव असतो, नंतर संमेलन. पण एक लक्षात ठेवा, राज्य वाङ्मय पुरस्काराच्या प्रवेशिका कॅलेंडर वर्षावर असतात. डिसेंबरात छापलेल्या पुस्तकाला फार कमी दिवस मिळतात आणि त्या गडबडीत प्रकाशकाच्या हातून राहून जातं. तुम्हीच आठवण करा, प्रती आणि अर्ज हे लेखकही पाठवू शकतो.

बारा_गावचं_पाणी

+१ ग्रंथपालताई, किल्लीबद्दल विशेष.

अवांतर, संमेलनातल्या स्टॉलवर सही करायला बसणार असाल तर एक करा, खुर्ची बाजूला घ्या. मी एकदा स्टॉलच्या ऐन तोंडाशी खुर्ची टाकून मित्रांशी दोन तास गप्पा मारत बसलो होतो. प्रकाशक शेवटी हात जोडून म्हणाले, साहेब, तुमच्यामुळे लोकांना पुस्तकं दिसत नाहीयेत.

गोठ्यातली_डॉक्टर

सगळ्यांचे आभार कसे मानू. आज प्रकाशकांना फोन करून सरळ विचारलं. ते म्हणाले मला तर वाटलं तुम्ही रागावलात, म्हणून मी परत फोन केला नाही! तेही घाबरले होते आणि मीही.

बोलून असं ठरलं. नोंदणी ऑक्टोबरपासून, २० टक्के सवलत, आणि दर पंधरा दिवसांनी आकडा ते मला कळवणार (कुजकटराव, विचारलं बरं का, रागावले नाहीत). लम्पीचं प्रकरण एका दिवाळी अंकाला द्यायचंय, ते फेसबुकवर कधी टाकलं नव्हतं ते बरं झालं कारण संपादकांना कुठंही न आलेलंच हवं असतं म्हणे, आणि मजकूर ऑगस्टच्या आत पाहिजे. हॉल नाही. शिरवळला कॉलेजात मुलांसमोर एक बोलणं आणि जानेवारीत खरसुंडीला पौषी यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो तिथं एक टेबल, ही माझी आयडिया. प्रकाशक जरा गप्प झाले, बैलबाजारात पुस्तकं कधी विकली नव्हती म्हणाले. मी म्हणलं तुम्ही फक्त पन्नास प्रती पाठवा, पुढचं मी बघते. तिथं माझ्या घशात काही अडकणार नाही, अर्धा बाजार मला नावानं ओळखतो.

यादी झाली १४३ नावांची, चार रकान्यांत. चौथ्या रकान्यात एका म्हाताऱ्या आबांच्या पुढं काय लिहावं कळेना, त्यांच्या गायीवर एक आख्खं प्रकरण आहे पण त्यांना वाचता येत नाही. काल सहज फोन केला तर म्हणाले, दोन पाठवा, एक नातू वाचून दाखवील आणि एक गायीच्या फोटूशेजारी ठेवतो. म्हणून "दोन घेतील" असं लिहिलंय.

वहीतच केलीय सगळी, उद्या पानांचे फोटो काढून पाठवते त्यांना.

पार्सलवाला

ताई, सगळं उत्तम, फक्त फोटो नका पाठवू. पुतण्याला बसवा आणि एक्सेलमध्ये करून घ्या, फोन नंबर वेगळ्या रकान्यात. १४३ नंबर फोटोतून बघून टाइप करायला तिकडे माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असतो.